गोठलेला पाय आणि खाली जाण्याची वाट : उंचावरील पोस्टवर हिमदंशाचे प्रथमोपचार

आपल्या घरांत कुठेही दुखले-खुपले की दोन उपाय पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत : आधी चोळायचे आणि मग शेकायचे. मुरगळलेला पाय असो की धरलेली पाठ, या दोन उपायांनी फारसे बिघडत नाही, म्हणून कोणी त्यांची चिकित्साही करत नाही. सियाचेन हिमनदीवरील पोस्टवर पहिल्यांदा जाणारा नर्सिंग असिस्टंट साताऱ्याचा असो की लातूरचा, हीच सवय हातात घेऊन वर चढतो. हिमदंशाच्या बाबतीत मात्र चोळल्याने गोठलेल्या ऊती फाटतात आणि शेकल्याने बधिर कातडी भाजते. म्हणजे बोटे वाचवण्याची वेळ येते तेव्हा नेमकी हीच सवय बोटे घालवते. हा लेख अशा नव्या नर्सिंग असिस्टंटसाठी आणि पायदळातील ज्या जवानांना रणभूमीवरील प्रथमोपचारांचे प्रशिक्षण देऊन वर पाठवले जाते त्यांच्यासाठी आहे. आपल्या आरएमओंनी (रेजिमेंटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) दिलेला आदेश या लेखातील कोणत्याही वाक्यापेक्षा वरचा समजावा.

काराकोरम पर्वतरांगेतील सुमारे ७६ किलोमीटर लांबीच्या या हिमनदीवर १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि तेव्हापासून भारतीय जवान तिथे बारमाही तैनात आहेत. पायथ्याचा बेस कॅम्प सुमारे १२,००० फुटांवर आहे, तर वरच्या काही पोस्ट २०,००० फुटांच्याही पुढे आहेत आणि हिवाळ्यात तिथला पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. डॉक्टर बहुधा रेडिओवरच्या आवाजाइतकाच जवळ असतो आणि चीता हेलिकॉप्टर हवामानाने परवानगी दिली तरच येते. हे वर्णन केवळ वातावरणनिर्मितीसाठी केलेले नाही. शहरातील रुग्णालयात हिमदंशाचा उपचार ‘पाय लगेच कोमट पाण्यात घालावा’ या एका वाक्यात सांगता येतो; पोस्टवर मात्र त्या वाक्याआधी एक प्रश्न उभा असतो, आणि तो प्रश्न पायाचा नसून वाटेचा असतो. त्याकडे आपण लवकरच येऊ.

समोर काय आहे ते ओळखणे

थंडीने होणाऱ्या इजा एकाच जातीच्या नसतात आणि एकीचा उपचार दुसरीला घातक ठरू शकतो. सर्वांत सौम्य प्रकारात नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल किंवा बोटाचे टोक पांढुरके आणि बधिर होते, पण आतील ऊती गोठलेल्या नसतात. याला फ्रॉस्टनिप म्हणतात आणि ऊब मिळताच मुंग्या येऊन ती जागा पूर्ववत होते. खरा हिमदंश त्याच्या पुढचा असतो. त्यात पेशींच्या दरम्यान बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते पेशींतील पाणी ओढून घेतात, आणि पुढे अवयव वितळल्यावर इजा झालेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊन उरलेला रक्तपुरवठाही अडतो. हिमदंश झालेली कातडी मेणासारखी पांढरी, पिवळसर किंवा करडी दिसते. वरवरच्या हिमदंशात ती दाबली असता खालचा भाग मऊ लागतो. खोल हिमदंशात बोट लाकडाच्या खुंटीसारखे टणक होते आणि जवान म्हणतो की आता दुखत नाही. नवख्या माणसाला हे ऐकून बरे वाटते. वास्तविक दुखणे थांबणे हीच इथे धोक्याची खूण असते.

गोठलेल्या अवस्थेत इजा किती खोल आहे, हे अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. वितळल्यानंतर साधारण एका दिवसात स्वच्छ पाण्याचे फोड आले तर इजा बहुधा वरवरची असते. रक्ताळलेले फोड आले, किंवा फोड न येता कातडी निळसर-काळी आणि थंडच राहिली, तर ती खोल असते. म्हणून पोस्टवर वर्गवारी करण्यात वेळ घालवू नये.

रोजची तपासणी

उपचारांच्या पायऱ्यांकडे वळण्याआधी रोजच्या दिनक्रमाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण पोस्टवरील नर्सिंग असिस्टंटचे बहुतेक काम इथेच होते किंवा इथेच चुकते. वर जाण्याआधी ठरलेल्या उंचीवर सहा, चार आणि चार अशा तीन टप्प्यांत एकूण चौदा दिवस शरीर सरावण्यासाठी दिलेले असतात. ते प्रामुख्याने विरळ हवेसाठी असतात, थंडीसाठी नव्हे. बोटांना थंडीचा सराव होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

वाऱ्याचा हिशेब नव्याने शिकावा लागतो. तापमान उणे २० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी सुमारे उणे ३४ अंशांसारखी बाधते आणि दहा ते तीस मिनिटांत चेहऱ्यावर हिमदंश होऊ शकतो. स्वतःचे नाक पांढरे पडलेले स्वतःला दिसत नाही, म्हणून बडीने, म्हणजे नेमून दिलेल्या जोडीदाराने, आपल्या बडीच्या चेहऱ्याकडे दर दहा-पंधरा मिनिटांनी नीट पाहावे. पायांचीही रोज एकदा, मोजे काढून, उजेडात तपासणी व्हावी. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात उभ्या असलेल्या ब्रिटिश सैन्यात पाय सडण्याचे प्रमाण याच साध्या जोडीदार पद्धतीने खाली आणले गेले. प्रत्येक सैनिक आपल्या सोबत्याच्या पायांसाठी जबाबदार धरला जात असे.

घट्ट बूट हे थंडीइतकेच मोठे कारण आहे. ऊब वाढावी म्हणून एकावर एक मोजे चढवले की बुटात हवेला जागा उरत नाही, रक्तप्रवाह दाबला जातो आणि पाय उलट लवकर गार पडतो. घामाने ओलसर झालेले मोजे बदलावेत आणि बदललेले मोजे अंगातील कपड्यांच्या आत, पोटाजवळ वाळवावेत. उघड्या हाताने शस्त्राच्या धातूला स्पर्श करू नये, हे सर्वांना सांगितलेले असते. रॉकेलविषयी मात्र पुरेसे सांगितले जात नाही. उणे ३० अंशांतही रॉकेल आणि पेट्रोल द्रवच राहतात, त्यामुळे बुखारी (खोली तापवण्याची शेगडी) किंवा स्टोव्ह भरताना हातावर सांडलेले इंधन त्याच तापमानाचे असते आणि कातडी क्षणात गोठवते. इंधन ओतताना हातमोजे काढू देऊ नयेत.

तंबाखूबद्दल बोलले की जवान हसतात. मळून दाढेखाली ठेवलेल्या चिमटीतील निकोटिन बोटांच्या रक्तवाहिन्या आकसवते. विडी-सिगारेटही तेच करते. रमने याच्या उलट होते : कातडीतील रक्तवाहिन्या पसरतात, अंग तापल्यासारखे वाटते आणि शरीराची खरी उष्णता बाहेर जाते. पहाऱ्यावर जाण्याआधी दोन्ही टाळावेत.

पहिली पायरी : आधी माणूस, मग पाय

हिमदंश झालेला जवान आणला गेला की सर्वांचे डोळे त्याच्या पायाकडे लागतात. नर्सिंग असिस्टंटने मात्र आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्याशी बोलावे. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि पायाने जीव जात नाही, हायपोथर्मियाने जातो. थरथर कापणारा, पण नीट उत्तरे देणारा जवान सौम्य अवस्थेत असतो. त्याला वाऱ्याआड आणून ओले कपडे काढावेत, कोरड्या स्लीपिंग बॅगेत घालावे, खालून जाड चटई द्यावी आणि गोड, गरम पेय पाजावे. जीभ जड होणे, हातातून वस्तू निसटणे, पावले अडखळणे आणि विशेषतः थंडी असूनही थरथर थांबणे, या खुणा दिसल्या तर गाभ्याचे तापमान ३२ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेले असावे असे धरावे. अशा माणसाला उभे करू नये, चालवू नये, तोंडात काही घालू नये. आडवा ठेवून, अगदी हळुवार उचलून, छाती व काखांशी कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. थंड पडलेले हृदय धक्क्याने बिघडते, म्हणून इथे हळुवारपणा हा औषधाचाच भाग मानावा.

अतिथंड शरीरात नाडी इतकी मंद असते की घाईत सापडत नाही. पूर्ण एक मिनिट तपासावी; ती खरोखरच लागत नसेल तर छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि मृत घोषित करण्याचा अधिकार आपल्याकडे घेऊ नये. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम पोस्टवर कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले होते. पुढे दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले, तरी त्यांना खणून काढणाऱ्या पथकाने आशा आधीच सोडली असती तर ते जिवंत हाती लागले नसते.

याच वेळी श्वासाकडेही लक्ष द्यावे. बसल्या जागी धाप लागणे, कोरडा खोकला किंवा गुलाबीसर फेस दिसला तर हापो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साचण्याचा विकार, असू शकतो, आणि त्याचा उपचार ऑक्सिजन व खाली उतरवणे हा आहे; बोटांचा विचार त्यानंतरचा.

दुसरी पायरी : उबेची परीक्षा

जवान शुद्धीवर आणि स्थिर असेल, तर बूट सैल करावेत, अंगठी आणि घड्याळ काढावे, कारण पुढे सूज येणारच आहे. बोटे त्याच्या स्वतःच्या काखेत आणि पावले सोबत्याच्या पोटाशी, कपड्यांच्या आत धरावीत. दहा ते पंधरा मिनिटांत मुंग्या आणि संवेदना परत आल्या तर तो फ्रॉस्टनिप होता. तो जवान त्या दिवशी पुन्हा बाहेर जाणार नाही, एवढी काळजी पुरे. संवेदना आली नाही आणि भाग टणकच राहिला, तर तो हिमदंश समजावा आणि पुढच्या प्रश्नाला सामोरे जावे.

तिसरी पायरी : वितळवायचे की नाही

एकदा वितळलेला अवयव पुन्हा गोठला, तर होणारी हानी तो तितकाच वेळ गोठलेला राहिला असता त्यापेक्षा कितीतरी अधिक असते. हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो नेपोलियनच्या सैन्याइतका जुना आहे. १८१२ साली रशियातून माघार घेताना सैनिक रात्री शेकोटीशी पाय शेकत आणि दिवसा पुन्हा बर्फातून चालत; सैन्याचे प्रमुख शल्यविशारद डॉमिनिक लारी यांनी त्या पायांना होणारे गँगरिन पाहिले आणि आगीपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण त्यांनी पर्याय म्हणून बर्फाने चोळण्याचा उपाय सांगितला, आणि मोठ्या माणसाने सांगितलेला चुकीचा उपाय जितका टिकतो तितका तोही टिकला, म्हणजे शंभर वर्षांहून अधिक. आजही एखादा जुना जवान तो सुचवेल. नम्रपणे नाकारावा.

तेव्हा पाणी तापवायला घेण्याआधी रेडिओवरून वाटेची चौकशी करावी. हेलिकॉप्टर आज येईल का? नाही आले तर जवानाला इथे, या निवाऱ्यात, पाय उबदार ठेवून कितीही दिवस राखता येईल का? पुढचा प्रवास स्ट्रेचरवर, पाय गुंडाळून होईल का? यांपैकी कोणत्याही मार्गाने अवयव पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल, तर वितळवावे. पण पोस्ट सोडावी लागणार असेल आणि जवानाला स्वतःच्या पायांनी हिमनदी उतरावी लागणार असेल, तर पाय मुद्दाम वितळवू नयेत. गोठलेल्या पायांवर माणूस खाली चालत येऊ शकतो; वितळलेल्या पायांवर त्याला एक पाऊलही टाकवत नाही, आणि टाकले तर उरलेली कातडीही हातची जाते. अशा वेळी उबेच्या परीक्षेसाठी काढलेले बूट लगेच पुन्हा चढवावेत आणि मग काढू नयेत, कारण सूज आल्यावर ते पुन्हा चढणार नाहीत. मात्र निवाऱ्याच्या उबेने पाय आपोआप वितळू लागले, तर ते गोठलेले ठेवण्यासाठी बर्फात घालण्याचा मूर्खपणा करू नये. वितळण्यास सुरुवात झाली की जवान स्ट्रेचरचा रुग्ण झाला, असे समजून योजना बदलावी.

हा निर्णय कठोर वाटतो. समोर सोबती पांढरा पाय घेऊन बसलेला असताना स्टोव्ह पेटवायचा नाही, हे इतर जवानांना समजावणे उपचारापेक्षा अवघड जाते, म्हणून पोस्टवर पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पोस्ट कमांडरशी या विषयावर बोलून ठेवावे.

चौथी पायरी : पाणी

पाण्याचे तापमान ३७ ते ३९ अंश सेल्सिअस असावे. त्याहून गार पाण्याने वितळणे रेंगाळते, त्याहून गरम पाण्याने वेदना वाढतात आणि कातडी पोळते. थर्मामीटर नसेल तर आपला न गोठलेला हात अर्धा मिनिट पाण्यात धरून पाहावा. तो निवांत राहिला पाहिजे. रुग्णाला स्वतःला अंदाज घेऊ देऊ नये, त्याची कातडी खोटे बोलते. ‘उंचावर पाणी लवकर उकळते, म्हणजे ते फारसे गरम नसते’ हा गैरसमजही काढून टाकावा : १८,००० फुटांवर पाणी ८१-८२ अंशांनाच उकळते हे खरे, पण तेवढ्यानेही माणूस सडकून भाजतो.

बर्फ वितळवून पुरेसे पाणी मिळवायला बराच वेळ आणि इंधन लागते, म्हणून आधी सगळे पाणी तयार करावे, मगच पाय बुडवावा. भांडे पाऊल तळाला किंवा कडेला न टेकता मावेल इतके मोठे हवे; मोठे पातेले किंवा वरचा भाग कापलेला प्लॅस्टिकचा जेरीकॅन चालतो. पाण्यात थोडे पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक घालावे. पाणी भराभर निवते, त्यामुळे दर काही मिनिटांनी गरम पाणी मिसळावे लागते. मिसळताना पाय बाहेर काढावा, तापमान पुन्हा तपासावे आणि मगच आत घालावा. कातडी लालसर किंवा जांभळी आणि मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास, हे चालू ठेवावे. बुखारी, स्टोव्हची ज्योत, गरम दगड यांची कोरडी उष्णता पाण्याची जागा घेऊ शकत नाही. बंद निवाऱ्यात स्टोव्ह बराच वेळ जळणार असेल तर हवा येण्याची जागा मोकळी ठेवावी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड रुग्णाआधी वैद्यकीय मदतनीसालाच गाठतो.

वितळताना होणारी वेदना भयंकर असते आणि ती आधीच सांगून ठेवावी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी नसेल, तर प्रौढ जवानाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ते केवळ वेदनेसाठी नसून रक्तवाहिन्यांतील दाह कमी करण्यासाठीही असते. त्याहून तीव्र वेदनाशामक आरएमओच्या सांगण्यावरूनच द्यावे. भरपूर कोमट द्रव पाजावे, कारण विरळ कोरड्या हवेत प्रत्येकाच्या शरीरातील पाणी आधीच घटलेले असते, आणि दाट झालेले रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही. ऑक्सिजन उपलब्ध असेल तर या उंचीवर द्यावा.

वितळल्यानंतर

पाय पुसताना घासू नये. टिपावा किंवा वाऱ्यावर वाळू द्यावा. बोटांमध्ये कापसाचे निर्जंतुक तुकडे ठेवून वरून जाड पण सैल पट्टी बांधावी, कारण सूज वाढणार आहे. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. कोरफडीचा अर्क असलेले मलम उपलब्ध असल्यास लावावे. संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले अलोकल क्रीम जवानांच्या ओळखीचे आहे, मात्र ते मुख्यतः प्रतिबंधासाठी असते, गोठलेल्या पायावरचा उपचार म्हणून नव्हे. फोड फोडू नयेत. प्रतिजैविके सरसकट देऊ नयेत, पण धनुर्वाताच्या लसीची नोंद पाहावी.

ओल्या थंडीने होणाऱ्या ‘ट्रेंच फूट’ला यातील पाण्याचा भाग लागू नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. दिवसेंदिवस ओल्या बुटांत, शून्याच्या वरच्या तापमानातही, पाय फिकट, सुजलेला आणि बधिर होतो. तो गोठलेला नसतो. त्याला गरम पाण्यात घालू नये, फक्त कोरडा करावा, उंच ठेवावा आणि अंग उबदार ठेवून पायाला सावकाश ऊब येऊ द्यावी. नदीकाठच्या गस्तीवरून आलेल्या जवानाचे मोजे ओले होते की कोरडे, हे म्हणूनच आधी विचारावे. १९६२ च्या युद्धात सुती गणवेश आणि कॅनव्हासच्या बुटांत नामका चू नदीच्या खोऱ्यात पाठवलेल्या तुकड्यांनी थंडीचा मार कसा सोसला, हे आपल्या लष्करात अजून विसरले गेलेले नाही.

खाली पाठवताना

रुग्णासोबत जाणाऱ्या कार्डावर वितळवणे किती वाजता पूर्ण झाले, ती वेळ ठळकपणे लिहावी. ही कारकुनी नोंद नाही. खोल हिमदंशात गुठळ्या विरघळवणारे औषध वितळल्यापासून २४ तासांच्या आत दिले तरच उपयोगी ठरते. इलोप्रोस्ट या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाला सुमारे ७२ तासांपर्यंत वाव असतो. लेहच्या रुग्णालयातील डॉक्टर ही औषधे द्यायची की नाही हे ठरवताना त्या एका वेळेवर अवलंबून असतात, आणि ती वेळ फक्त तुम्हाला ठाऊक असते. किती वेळ गोठलेला होता, पुन्हा गोठला का, कोणते औषध किती वाजता दिले, हेही लिहावे.

जवान हमखास विचारतो की बोट कापावे लागेल का. ‘नाही’ असे आश्वासन देऊ नये आणि ‘हो’ असेही म्हणू नये. काळे पडलेले बोट पूर्ण मेलेले असतेच असे नाही. वरची काळी खपली सुटून खाली गुलाबी कातडी निघते असेही होते, आणि जिवंत व मृत भागांतली सीमा स्पष्ट व्हायला एक ते तीन महिने लागतात. म्हणून संसर्ग झाला नसेल तर शल्यचिकित्सक थांबतात. एवढे मात्र त्याला स्पष्ट सांगावे की ज्या बोटाला एकदा हिमदंश झाला त्याला पुढे थंडी लवकर बाधते, आणि पुढच्या वेळी उंचावर जाण्याची यादी निघेल तेव्हा ही गोष्ट त्याने स्वतःहून आरएमओला सांगायची आहे.